पार्श्वभूमी : विमान यंत्राच्या हाती कसं गेलं

विमानाला अपघात झाला की दुसऱ्याच दिवशी चॅनेलवर कोणी ना कोणी म्हणतंच, 'हल्लीचे पायलट नुसती बटणं दाबतात, विमान आपोआप उडतं.' यातलं निम्मंच खरं. प्रवासी विमानाचं उड्डाण आजही वैमानिक हातानेच करतो आणि बहुतेक वेळा ते उतरवतोही हातानेच. मधले तास मात्र ऑटोपायलटचे. ते यंत्राकडे कसे गेले हे पाहिलं तर वैमानिकांच्या आळसाचा त्यात फारसा हात दिसत नाही.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर सुरक्षित विमानांची स्पर्धा होती. लॉरेन्स स्पेरी हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण दोन्ही हात वर करून प्रेक्षकांसमोरून विमान घेऊन गेला. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर चढून उभा राहिला. विमान एका बाजूला कललं आणि जायरोस्कोपच्या, म्हणजे वेगाने फिरत आपली दिशा न सोडणाऱ्या चक्राच्या, जोरावर आपोआप सरळ झालं. १९३३ मध्ये एका डोळ्याच्या वायली पोस्टने पावणेआठ दिवसांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट सोबत होता म्हणून. तोवर या यंत्राचं काम एवढंच होतं की माणसाच्या हातांना आराम द्यायचा.

पुढचं पाऊल धुक्यामुळे पडलं. लंडनचं धुकं आणि कोळशाचा धूर यांनी ब्रिटिश विमानसेवा जेरीस आली होती. १० जून १९६५ रोजी ट्रायडंट जातीचं विमान पॅरिसहून प्रवासी घेऊन आलं आणि हीथ्रोवर त्याची चाकं ऑटोपायलटनेच टेकवली. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत उड्डाणं वळवली जातात तेव्हा 'कॅट-३' (अगदी दाट धुक्यात उतरण्याची पद्धत) हा शब्द कानावर पडतो, त्याचं मूळ इथे आहे. अशा धुक्यात वैमानिक सहसा हाताने विमान उतरवत नाही. यंत्र उतरवतं आणि त्यावर लक्ष ठेवायचं खास प्रशिक्षण वैमानिकाने घेतलेलं असावं लागतं.

तिसरं कारण पैशाचं. एके काळी लांबच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये पाच माणसं असत. आधी रेडिओवाला गेला, मग मार्ग काढणारा नॅव्हिगेटर. इंजिनांवर आणि इतर यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या उरलेल्या फ्लाइट इंजिनिअरवरून अमेरिकेत कंपन्या आणि वैमानिक संघटनांची मोठी जुंपली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने दोन माणसं पुरेत असा निर्वाळा दिला. बोइंग ७६७ चं कॉकपिट तिघांसाठी आखलेलं होतं, ते दोघांचं झालं. संगणक नुसतं विमान धरून ठेवत नव्हता, मार्ग आखत होता, इंधनाचा हिशेब करत होता, इंजिनांवर नजर ठेवत होता. कंपन्यांनाही हेच हवं होतं, कारण संगणक माणसापेक्षा काटकसरीने उडतो. शक्य तितका ऑटोपायलट वापरा, असं अनेक कंपन्यांच्या नियमावल्यांतच लिहिलेलं असे.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान दलदलीत कोसळलं. पुढचं चाक उतरल्याचा दिवा लागत नव्हता. सगळा कॉकपिट त्या बल्बच्या मागे लागला आणि उंची धरून ठेवायचं ऑटोपायलटचं काम कुणाच्या तरी धक्क्याने सुटलं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. १०१ माणसं गेली. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये यातली गोम मांडली. सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे दोनच कामं उरतात : तासन्‌तास नुसतं बघत बसणं, जे माणसाला जमत नाही, आणि यंत्राने हात टेकले की ऐनवेळी सूत्रं घेणं, ज्याचा सराव त्याला आता उरलेला नसतो.

आपल्याकडे याची किंमत मोजली गेली ती बेंगळुरूला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० मुंबईहून निघालं होतं. हवा स्वच्छ, भर दुपार, जुनं एचएएल विमानतळ समोर दिसत होतं. ए-३२० ची खुबी अशी की ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना इंजिनाची ताकद कमी-जास्त होते, पण ती ताकद ठरवणारे हाताखालचे दांडे जागचे हलत नाहीत. म्हणजे इंजिन काय करतंय ते हाताला कळत नाही, पडद्यावरच वाचावं लागतं. त्या दिवशी विमान 'आयडल ओपन डिसेंट' या मोडमध्ये गेलं होतं. यात इंजिनं जवळजवळ विसावलेली असतात आणि गती राखली जाते ती नाक खाली ठेवून. इकडे विमान हाताने उडवणारा वैमानिक धावपट्टी गाठण्यासाठी नाक वर धरत होता आणि गतीचं काम ऑटोथ्रस्ट बघतोय या समजुतीत होता. उंचीची आणि उतरण्याच्या वेगाची अशा दोन खुंट्या पॅनेलवर शेजारी-शेजारी असतात. त्यातली भलतीच फिरवली गेल्याने हा मोड लागला असावा, असा चौकशीतला कयास होता. सुमारे १३२ नॉट (विमानाची गती मोजायचं एकक) गती हवी होती, ती वीसहून जास्त नॉटनी घसरली. धोका ओळखून इंजिनं गर्जायला लागली तोवर उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ जण दगावले.

सरकारने ए-३२० चा सगळा ताफा जमिनीवर बसवला. विमानच सदोष, असा तेव्हा बोलबाला होता. पण यंत्र बिघडलेलंच नव्हतं, सांगितलेलं तंतोतंत करत होतं. मोडचा असा घोळ पुढेही होत राहिला. १९९२ मध्ये स्ट्रासबूरजवळ ए-३२० डोंगरावर आदळून ८७ जण गेले. तिथे उतरण्याचा कोन ३.३ अंश द्यायचा होता, तो बहुधा मिनिटाला ३३०० फूट म्हणून दिला गेला. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत. नंतर तो पडदा बदलावा लागला. दोष वैमानिकाचा म्हणून फाइल बंद करणं सोपं असतं, पण असा पडदा आखणाऱ्याचं काय?

हाताने उडवायचा सराव करा, असं आता सगळेच सांगतात. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना तशी सूचनाच काढली. पण कुठे करणार? २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये हजारच फुटांचं अंतर ठेवता यावं, म्हणून तिथे उंची राखायला ऑटोपायलट असावाच लागतो. जिथे हवा विरळ आणि चुकीला जागा कमी, नेमका तिथलाच हात बसत नाही. एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर याच पट्ट्यात होतं. गती मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ धरला आणि ऑटोपायलटने अंग काढून घेतलं. वैमानिकाने नाक वर ओढलं, पंखांची उचल गेली, आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात पडलं. २२८ जणांपैकी कोणी वाचलं नाही. गंमत म्हणजे, म्हणायलाही जीभ रेटत नाही, काही न करता नाक आणि ताकद होती तशी ठेवली असती तरी बर्फ वितळेपर्यंत निभावलं असतं.

बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट यात घुसडली जाते, ती मला पटत नाही. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ जण गेले, पण नाक खाली ढकलणारी एमकॅस यंत्रणा विमानात आहे हे लायन एअरच्या वैमानिकांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. जे ठाऊकच नाही त्यावर माणूस विसंबणार कसा?

आता प्रश्न दोनाचे एक करायचा आहे. लांबच्या उड्डाणात मधले तास एकाच वैमानिकाने कॉकपिट सांभाळावं आणि दुसऱ्याने झोप घ्यावी, असा विमान बनवणाऱ्यांचा प्रस्ताव आहे. वैमानिक संघटनांचा त्याला कडाडून विरोध आहे. युरोपच्या इयासा या नियामक संस्थेने अभ्यास करून २०२५ मध्ये सांगितलं, की आजच्या कॉकपिटमध्ये हे दोघांइतकंच सुरक्षित आहे असं दाखवता येत नाही. अडचणी त्यांनी नोंदवल्या आहेत. एकट्याला डुलकी लागली तर, तो बेशुद्ध पडला तर, त्याची चूक पकडायला शेजारी कोणी नसेल तर, आणि त्याला लघवीला जायचं झालं तर.