फोडणीला न जुमानणारं विष

रात्री पातेल्यात भात उरतो. ताटली झाकून तो ओट्यावरच राहतो आणि सकाळी मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या चरचरीत फोडणीत परतून डब्यात जातो. "एवढा परतल्यावर कसले जंतू राहतायत?" असं आई म्हणायची, आणि मलाही ते पटायचं.

जंतू राहत नाहीत हे बरंचसं खरं. पण त्यांनी रात्रभरात करून ठेवलेलं विष राहतं.

बॅसिलस सिरियस हा मातीतला जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो. प्रतिकूल काळात तो टणक कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो, आणि उकळत्या पाण्यातूनही काही बीजाणू तगतात. (कुकरच्या दाबाखाली बरेच जास्त मरतात, पण नंतर हात-डाव लागतातच.) भात निवून कोमट झाला की बीजाणू जागे होतात. तीस ते सदतीस अंश त्यांना फार मानवतात, म्हणजे मुंबईतला मे महिन्यातला ओटाच. वाढता वाढता ते सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. फोडणीची पाच मिनिटं त्याच्या खिजगणतीत नाहीत. त्याला वासही नाही, त्यामुळे 'आंबलेला नाही ना, मग चांगलाय' ही परीक्षा इथे कुचकामी. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, बहुधा दिवसभरात थांबतात, आणि आपण म्हणतो, पित्त झालं असेल.

ब्रिटनमध्ये 1971पासून चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमुळे असे उलट्यांचे प्रकार लागोपाठ उघडकीस आले. गार भाताचे परतताना गोळे होतात म्हणून तिथे शिजलेला भात फ्रिजबाहेर ठेवत. मोकळ्या शिताचा हट्ट आपल्याकडेही आहेच!

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, ठेवायचंच तर 60 अंशांच्या वर गरम, नाहीतर 5 अंशांच्या खाली गार. गच्च भरलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारून मात्र भागत नाही. दोन तासांनी मधोमध चमचा खुपसून बघा, कोमट लागेल. भात परातीत पसरायचा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून लगेच आत.

आईची आता एकच तक्रार, फ्रिजमधला भात कडक होतो. परतताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की तो मऊ होतो, हेही तिनेच शोधलं.