टू-मॅन पॉवर ट्रिप: सात आठवड्यांच्या जोडीची पार्श्वभूमी

२००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आताची डब्ल्यूडब्ल्यूई, ठरवून लिहिलेल्या स्टोरीवर चालणारी कुस्ती) ऑस्टिन आणि ट्रिपल एचची टू-मॅन पॉवर ट्रिप नावाची जोडी होती, तिचा विषय निघाला की सगळे थेट ट्रिपल एचच्या मांडीवर येतात, स्नायू फाटला आणि जोडी संपली, नाहीतर काय धमाल झाली असती वगैरे. पण मध्ये त्यांच्या मॅचेस ओळीने परत बघितल्या तर मला तरी वाटलं की ती दुखापत झाली नसती तरी ही जोडी टिकणार नव्हती, मोडायची तयारी आदल्या रात्रीपासूनच सुरू झालेली दिसते. आणि मुळात हे दोघं एकत्र आले हेच विचित्र होतं.

कारण मागचा हिशोब बघा. सर्व्हायव्हर सिरीज १९९९ या मोठ्या शोला पार्किंगमध्ये ऑस्टिनला गाडीने उडवलं, म्हणजे स्टोरीत, खरं कारण त्याची मान. समरस्लॅम १९९७ मध्ये ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरने (उलटं धरून डोक्यावर आपटायचा डाव) ती गेली होती आणि आता ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. जवळपास वर्षभराने तो परत आल्यावर गाडी चालवणारा रिकिशी निघाला आणि त्याच्या मागचा मास्टरमाइंड ट्रिपल एच. मग सर्व्हायव्हर सिरीज २००० ला ऑस्टिनने ट्रिपल एच आत बसलेली गाडी फोर्कलिफ्टने उचलून वरून खाली आदळली (आणि हा बाबा काही दिवसांत चालत परत, असो). फेब्रुवारी २००१ मध्ये नो वे आउटला दोघांची थ्री स्टेजेस ऑफ हेल (तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या), ट्रिपल एच २-१ ने जिंकला, माझ्या मते त्या वर्षातल्या टॉप मॅचेसपैकी एक. एवढं सगळं झाल्यावर पाच-सहा आठवड्यांत हे दोघं एका बाजूला!

मधल्या काळात झाली १ एप्रिलची रेसलमेनिया एक्स-सेव्हन, ह्यूस्टनचं अॅस्ट्रोडोम, ६७ हजारांवर पब्लिक. ऑस्टिनने रॉकला हरवलं ते व्हिन्स मॅकमॅहनच्या मदतीने, खुर्चीने बडवून बडवून, आणि शेवटी ज्या मालकाशी तीन-चार वर्षं उभा दावा मांडला त्याच्याशी हात मिळवला. ऑस्टिन व्हिलन झाला. गंमत अशी की हे घडलं टेक्सासमध्ये, त्याच्या घरच्या मैदानात, त्यामुळे लोक शिव्या घालायच्या ऐवजी टाळ्याच वाजवत होते. ऑस्टिनने स्वतः पुढे सांगितलंय की तो निर्णय चुकला, तिथेच व्हिन्सला आपला ठरलेला डाव, स्टनर, मारून मोकळं व्हायला हवं होतं.

म्हणजे कंपनीपुढे प्रॉब्लेम असा की हीरोला व्हिलन तर केलं पण लोक त्याचा द्वेष करायला तयार नाहीत, तिकडे रॉक 'द स्कॉर्पियन किंग' या सिनेमाच्या शूटिंगला चाललेला. मग दुसऱ्या दिवशी, २ एप्रिलच्या रॉ या आठवड्याच्या टीव्ही शोला, रॉक विरुद्ध ऑस्टिन स्टील केज (लोखंडी पिंजऱ्यातली) मॅच लावली आणि ट्रिपल एच हातोडा घेऊन आला. आदल्याच रात्री तो स्वतः अंडरटेकरकडून हरला होता. सगळ्यांना वाटलं आता ऑस्टिनची खैर नाही, पण हातोडा पडला रॉकवर. जोडी जमली, रॉकला स्टोरीत सस्पेंड करून सिनेमाला पाठवलं. जुन्या गाडीच्या भानगडीचं काय झालं याचं धड उत्तर कोणी दिलंच नाही. माझ्या मते ट्रिपल एचचा खरा उपयोग वेगळाच होता, त्याला लोक मनापासून शिव्या घालायचे, तो बाजूला उभा राहिला की त्यातल्या थोड्या ऑस्टिनच्या वाट्यालाही यायच्या.

पुढचे दोन आठवडे या जोडीने हार्डी बॉइजना (मॅट आणि जेफ हार्डी या भावांची जोडी) धुतलं आणि मला विचाराल तर व्हिलन म्हणून ते सगळ्यात जास्त जमले ते इथेच. ट्रिपल एचने क्रिस जेरिकोकडून इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट (मेन टायटलच्या खालचा) घेतला होता, तो १२ एप्रिलच्या स्मॅकडाउनला (आठवड्याचा दुसरा शो) चक्क जेफ हार्डीने काढून घेतला आणि १६ तारखेच्या रॉ ला परत ट्रिपल एचकडे गेला. याच दिवसांत ऑस्टिनने हार्डींची साथीदार लिटा हिला खुर्चीने मारलं, एकदा नाही, परत परत, आणि त्या क्षणी पब्लिकचा आवाज बदललेला स्पष्ट ऐकू येतो. रेसलमेनियाला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं.

बॅकलॅश मात्र पकाऊ. २९ एप्रिल, शिकागोजवळचं रोझमाँट, समोर अंडरटेकर आणि केन, तिन्ही बेल्ट पणाला. केनचा हात आधीच दुखावलेला, मग त्या हातावरच सगळा खेळ, पंचवीसेक मिनिटं रटाळ ओढाताण आणि शेवटी हातोडा खाऊन केन पिन झाला (खांदे टेकून हरला). कागदावर भारी, मेन टायटल, इंटरकॉन्टिनेंटल आणि टॅग (जोडीचा) असे तीनही बेल्ट दोघांच्या घरात, पण मॅच म्हणून परत बघायची गरज नाही. ट्रंप कार्डांवर वाढलेल्या आपल्या पिढीला अंडरटेकर-केन म्हणजे देव, तरी सांगतो, स्किप करा.

मग २० मे चं जजमेंट डे. ट्रिपल एच विरुद्ध केन चेन मॅच, ऑस्टिन मदतीला आला, केनवर खुर्ची फिरवली, केन सरकला आणि ती बसली ट्रिपल एचला. इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट गेला. जोडी फोडायची असली की पहिली चूक ही अशीच दाखवतात, म्हणून म्हणतो की तयारी सुरू झाली होती.

आणि दुसऱ्या दिवशी सॅन होजेची रॉ, क्रिस बेन्वा आणि जेरिको समोर. या जोडीची एकमेव खरी ग्रेट मॅच आणि नेमकी तीच ते हरले. चौघंही अंग झोकून खेळताहेत, नुरा कुस्ती आहे हे माहीत असूनही आपण पुढे सरकून बसतो इतका वेग. जेरिकोने ऑस्टिनला वॉल्स ऑफ जेरिकोमध्ये (पाय धरून पाठ मागे वाकवायचा त्याचा डाव) धरलेलं असताना ट्रिपल एच सोडवायला धावत आत आला, डावा पाय रोवला आणि मांडीचा स्नायू हाडापासून सुटला. सावकाश करून बघा, कोणी त्याला हातही लावलेला नाही, पाऊल टेकतं आणि गुडघ्याच्या वरचा भाग एकदम ढिला पडतो. पण याने मॅच थांबवली नाही! उलट जेरिकोला तसंच पुढे चालू ठेवायला लावलं आणि त्याच पायाने कॉमेंट्री टेबलवर वॉल्स ऑफ जेरिको खाल्ला. शेवटी लंगडत हातोडा उचलला, जेरिकोवर उगारलेला तो बसला ऑस्टिनच्या पोटात आणि जेरिकोने ऑस्टिनला पिन केलं. म्हणजे काल खुर्ची, आज हातोडा, फिट्टंफाट.

या हारीबरोबर टॅग बेल्टही गेले, ऑस्टिन-ट्रिपल एचकडे ते होते फक्त २२ दिवस.

ही मॅच पुढे कंपनीने फारशी मिरवली नाही त्याचं कारण बेन्वा, २००७ मध्ये त्याने बायको आणि मुलाचा खून करून आत्महत्या केली आणि तेव्हापासून त्याचं नाव शक्यतो घेतलंच जात नाही. बघताना ते डोक्यात राहतंच, त्याला इलाज नाही.

ट्रिपल एचचं ऑपरेशन अलाबामातल्या बर्मिंगहॅमला डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी केलं आणि तो आठ महिने बाहेर. बेन्वा-जेरिकोने लगेच दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड झालेल्या स्मॅकडाउनमध्ये तीन जोड्यांविरुद्ध टीएलसी (टेबलं, शिड्या आणि खुर्च्यांची मॅच) जिंकली, पण जूनअखेर बेन्वाचंही मानेचं ऑपरेशन झालं आणि तो वर्षभर गेला. मार्चमध्ये विकत घेतलेल्या डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीची इन्व्हेजन (चढाई) स्टोरी पेटली तेव्हा टॉपचे व्हिलन म्हणून दोघं मिळायला हवे होते, मिळाला एकटा ऑस्टिन, मग तो मॅकमॅहनला गिटार वाजवून दाखवत आणि मिठ्या मारत फिरला, जे मला बॅकलॅशपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

७ जानेवारी २००२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रिपल एच परतला तेव्हा छप्पर उडेल एवढा आवाज झाला, ज्याला शिव्या पडायच्या तो हीरो झाला होता. रॉयल रंबल (जिंकणाऱ्याला टायटलची संधी देणारी मॅच) जिंकला आणि मार्चमध्ये टोरंटोच्या रेसलमेनियाला टायटलसाठी समोर कोण, तर जेरिको, आणि तो पूर्ण मॅचभर त्याच मांडीच्या मागे लागलेला. ट्रिपल एच जिंकला. त्याच रात्री ऑस्टिन कुठेतरी मधल्या नंबरावर स्कॉट हॉलशी लढत होता.