बोंडाला चिरा पडणे

बोंडाला चिरा पडणे म्हणजे लेकराला अंगावर पाजताना स्तनाग्राची कातडी फाटणं, सोलणं, कधी कधी रक्त येणं. पुस्तकात स्तनाग्र लिहितात, बोलताना बोंड, कापसाला असतं तेच नाव. पहिल्या आठवड्यात त्रास जास्त असतो, आणि "पाजायला घेतलं की जीव जायलाय" म्हणत पावडरच्या दुधावर जायचं एक कारण हेच.

आधी आतली रचना. छातीत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्या असतात, दूध तिथं बनतं, प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनमुळं. लेकरू ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं, पिशव्या आवळल्या जातात आन् दूध नळ्यांतून पुढं येतं, यालाच पान्हा फुटणं म्हणतात. जुन्या चित्रांत 15 ते 20 नळ्या आणि बोंडामागं दुधाच्या टाक्या दाखवलेल्या असतात, पण 2005 साली ऑस्ट्रेलियात सोनोग्राफी करून बघितलं तर नळ्या सरासरी 9 च्या आसपास निघाल्या आणि टाक्या सापडल्याच नाहीत.

बोंडाभोवतीचं काळं वर्तुळ गरोदरपणात अजून गडद होतं. त्यावर बारीक दाणे उठतात, त्या मॉन्टगोमेरी ग्रंथी, 1837 मध्ये त्यांचं वर्णन करणाऱ्या आयरिश डॉक्टरच्या नावावरून. त्यातून तेलकट द्रव येतो, कातडी मऊ राहते. पुटकुळी समजून कुणी दाबत बसतं, नाहीतर न्हाऊ घालताना साबण नि डाळीचं पीठ लावून खसखसून घासतात, म्हणजे निसर्गानं दिलेलं मलम आपणच धुवून टाकायचं! नुसतं पाणी पुरतं.

चिरा पडायचं मुख्य कारण कातडी नाजूक असणं हे नाही, लेकरानं नुसतं बोंड तोंडात धरणं हे आहे. काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात गेला की बोंड मागं मऊ टाळूपाशी पोचतं, नाहीतर पुढच्या कडक टाळूवर घासत राहतं. पिऊन झाल्यावर बोंड तिरपं चेपलेलं दिसलं तर पकड चुकली समजा. आपल्याकडं घर माणसांनी भरलेलं, बाळंतीण पदराखाली पाजते, तिलाच लेकराचं तोंड दिसत नाही, मग पकड कळणार कशी? निदान पहिले काही दिवस तिला एक खोली मोकळी द्यावी. दुखत असलं तर ओढून काढू नये, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सारून हवा जाऊ द्यावी, मग लेकरू आपोआप सोडतं.

पाजून झालं की आपलंच दूध चिरांना लावून वाळू द्यावं, लॅनोलिन मलमही चालतं. मध मात्र नको, वर्षाच्या आतल्या लेकराच्या पोटात मध जाणं धोक्याचं असतं. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो, छातीखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, तिथं कोरडं सुती कापड आणि सैल ब्लाऊज एवढंच लागतं.

बोंड चकचकीत गुलाबी होऊन आग होत असली आणि लेकराच्या जिभेवर न पुसणारा पांढरा थर असला तर ती बुरशी, औषध दोघांनाही लागतं. छाती दाटून एक पट्टा लाल, गरम झाला, थंडी-ताप आला तर डॉक्टरला दाखवावं पण पाजणं थांबवू नये, दूध आत तुंबलं की जास्त बिघडतं. आणि एकाच बोंडावर खपली, खाज महिनोन्महिने राहिली, मलमानं हटत नसली तर ती चीर समजून घरी बसू नये, क्वचित ते कॅन्सरचंही लक्षण असतं.