हेक्स एडिटर की रिसोर्स एडिटर? जुन्या प्रोग्राममध्ये मराठी आणण्यापूर्वी

फोंड्याकडच्या देवस्थानांच्या कचेऱ्यांत, डिचोली-पेडण्यातल्या वाचनालयांत विंडोजवरचे जुने प्रोग्राम अजून रोज चालतात. पावती फाडणारे, पुस्तक देणारे, घेणारे सगळे मराठीत बोलतात, पडद्यावरची बटणं मात्र इंग्रजी. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनला ते मूळ लिखाण, कोणाकडेच नसतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘प्रोग्रामची ईएक्सई फाईल एडिटरमध्ये उघड आणि शब्द बदल.’ पण ईएक्सई उघडणारे एडिटर दोन जातींचे आहेत, आणि चुकीचा निवडला तर चालतं काउंटर बंद पडतं.

हेक्स एडिटरला फाईल म्हणजे बाइटांची एक लांबलचक रांग. त्यातला कुठला बाइट कोडचा, कुठला चित्राचा, कुठला मजकुराचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रिसोर्स एडिटरला फाईलची रचना कळते. विंडोजच्या प्रोग्राममध्ये कोडपासून वेगळा असा रिसोर्सचा विभाग असतो. मेनू, डायलॉग, आयकॉन, स्ट्रिंग टेबल (म्हणजे छोट्या मजकुरांचा तक्ता), व्हर्जनची माहिती तिथे आपापल्या जागी असतात. अँगस जॉन्सन यांचा रिसोर्स हॅकर हा या जातीतला फुकट मिळणारा, बराच वापरला जाणारा एडिटर.

एकच शब्द जवळून बघू. स्ट्रिंग टेबलमध्ये इंग्रजी ‘सेव्ह’ असेल तर हेक्स एडिटरमध्ये तो सोळाच्या पायावरच्या (हेक्स) आकड्यांत असा दिसतो: ०४ ०० ५३ ०० ६१ ०० ७६ ०० ६५ ००. पहिले दोन बाइट लांबी सांगतात, अक्षरं ४. पुढे दर अक्षराला दोन बाइट, कारण हा मजकूर यूनिकोडच्या यूटीएफ-१६ या पद्धतीत साठवलेला असतो. आता तिथे ‘जतन करा’ लिहायचंय. ज, त, न, मधली स्पेस, क, र आणि शेवटचा काना: झाले ७, म्हणजे १४ बाइट. जागा आहे ८ बाइटांची. काना आपल्याला ‘र’चाच भाग वाटतो, पण यूनिकोडमध्ये त्याला वेगळी जागा लागते. हेक्स एडिटरमध्ये वरूनच लिहीत गेलात तर पुढच्या स्ट्रिंगची लांबीच पुसली जाते. मध्ये जादा बाइट घुसडलेत तर मागचं सगळं सरकतं आणि फाईलच्या तक्त्यांत नोंदलेले पत्ते चुकतात. नुसतं ‘जतन’ लिहून चौथ्या जागी स्पेस टाकली की निभावतं खरं. पण मापात बसेल तेवढंच मराठी लिहायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला?

रिसोर्स एडिटरमध्ये अवतरणातला शब्द बदलायचा, कंपाईल करायचं, सेव्ह करायचं. लांबी मोजणं, १६-१६ स्ट्रिंगचे गठ्ठे पुन्हा बांधणं, पत्ते दुरुस्त करणं हे सगळं तोच करतो. डायलॉगमधल्या बटणात मराठी मावत नसेल तर तिथेच बटण ओढून रुंद करता येतं.

दोन खाचखळगे मात्र आहेत. प्रत्येक रिसोर्सला भाषेचा क्रमांक असतो: अमेरिकन इंग्रजीचा १०३३, मराठीचा ११०२, कोंकणीचा ११११. उत्साहाच्या भरात आपण ११०२ची वेगळी प्रत घालतो. पण विंडोज इंग्रजीत असेल तर १०३३चीच प्रत उचलली जाते आणि मराठी दिसतच नाही. म्हणून मजकूर १०३३मध्येच बदलावा.

दुसरा खळगा जास्त त्रासाचा. प्रोग्राम यूनिकोडआधीच्या पद्धतीने लिहिलेला असेल तर स्ट्रिंग टेबलमधला मजकूर वाचताना विंडोज तो यंत्राच्या कोड पेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, उतरवतं. देवनागरीसाठी सिस्टमला लावता येईल असं एकबाइटी कोड पेज विंडोजमध्ये नाहीच. त्यामुळे कधी मेनू छान मराठीत येतो आणि संदेशाच्या खिडकीत नुसती प्रश्नचिन्हं. तुमचं टायपिंग बरोबर असतं, फाँटही बरोबर असतो. तासन् तास फाँट बदलत बसू नका.

यूपीएक्स या ईएक्सई फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनाने दाबलेल्या फाईलमधला मजकूर आधी ती सोडवल्याशिवाय बदलता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर बांधलेल्या प्रोग्रामचा मजकूर बहुधा निराळ्या ठिकाणी असतो. कुठल्याही एडिटरने बदल केला तरी डिजिटल सही मोडते आणि अँटीव्हायरस ओरडू शकतो. प्रोग्रामचा मालक सापडत असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी, आणि काम नेहमी प्रतीवरच करावं.

मग हेक्स एडिटर कशाला? बघायला. सुरुवातीलाच त्यात बटणावरचा इंग्रजी शब्द शोधा. अक्षरांच्या मध्ये ०० दिसले तर मजकूर स्ट्रिंग टेबलमध्ये, मेनूत किंवा डायलॉगमध्ये असण्याची आशा आहे. रिसोर्स एडिटर उघडा. ५३ ६१ ७६ ६५ असे सलग आले तर तो बहुधा कोडच्या पोटात किंवा फॉर्मच्या, म्हणजे खिडकीच्या आराखड्याच्या, माहितीत गेलेला आहे. रिसोर्स एडिटरच्या डायलॉगांत आणि फॉर्मांतही तो सापडला नाही, तर देवस्थानच्या किंवा वाचनालयाच्या समितीला नव्या प्रोग्रामसाठी पैसे काढायला सांगावं.