बोटीचं नाक एकीकडे, बोट दुसरीकडे: हेडिंग सेन्सरची पार्श्वभूमी

नागपुरात बोटीचा विषय काढला की लोक म्हणतात, समुद्र कुठाय बाप्पा आपल्याकडे. पण तलावाची खोली अन् गाळ मोजायला बोटीवर सोनार (आवाजाच्या लाटांनी खोली मोजणारं यंत्र) बसवला की बोटीचं नाक कुठे वळलंय हे क्षणाक्षणाला लागतं, कारण जीपीएसचा अँटेना एका टोकाला, सोनार दुसऱ्या टोकाला, नाकाची दिशा कळली तरच सोनार नेमका कुठे आहे ते काढता येतं. ही दिशा सांगणारा तो हेडिंग सेन्सर.

मोठ्या जहाजांचं काम जायरोकंपासने (चुंबकाशिवाय, वेगाने फिरणाऱ्या चाकाने उत्तर दाखवणारं होकायंत्र) विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भागवलं होतं, ते छोट्या बोटीला परवडणारं नव्हतं. फ्लक्सगेट, म्हणजे तारेच्या कॉइलने पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारा सेन्सर, १९३० च्या दशकातला, महायुद्धात विमानांवर गाजला, मग बोटींच्या ऑटोपायलटमध्ये शिरला. त्याची कॉइल आडवी राहिली तर ठीक, बोट हेलकावली की आकडा नाचतो, म्हणून पुढे जोडीला वळण्याचा वेग मोजणारा जायरो आला अन् आता तर सगळं एका चिपमध्ये मावतं.

खरा घोळ 'जीपीएस कंपास' या शब्दाचा. आपण मराठीत दोन्हीला दिशाच म्हणतो ना, नाक जिकडे तीही दिशा अन् बोट सरकतेय तीही दिशा. एका अँटेनाचा जीपीएस फक्त सरकण्याची दिशा सांगतो, आडवा वारा असला की ती नाकापेक्षा वेगळी येते अन् बोट थांबली की आकडा वाटेल तसा फिरतो. नाकाची दिशा हवी तर एकमेकांपासून थोडे लांब असे दोन अँटेना लागतात. विकणारे दोन्हीला कंपासच म्हणून राह्यलेत, ही मला तरी सरळ फसवणूकच वाटते.

दोन अँटेनावाल्याला लोखंडाची, स्पीकरमधल्या चुंबकाची भीती नाही पण आभाळ मोकळं लागतं, पुलाखाली गेलं की अडचण. चुंबकीय सेन्सर स्वस्त, पण नखरे फार. त्यात नागपुरात खरी उत्तर दिशा (नकाशातली) अन् चुंबकीय उत्तर दिशा (होकायंत्राची सुई दाखवते ती) यांच्यात एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे सेटिंग चुकलं तरी इथे कोणाच्या लक्षात येत नाही, तोच डबा न्यूझीलंडला नेला तर वीसेक अंशांनी चुकेल.

हा चुंबकीय सेन्सर बसवायचा तो बोटीच्या मधोमध, खाली, इंजिन अन् बॅटरीच्या जाड वायरींपासून लांब. मग शांत पाण्यात हळूहळू गोल फिरून कॅलिब्रेट, म्हणजे बोटीवरच्या लोखंडामुळे येणारी चूक सेन्सरकडून वजा करून घ्यायची. अन् नंतर कोणी त्याच खणात पान्ह्यांची पेटी आणून ठेवली की सगळं पुन्हा करा.