पाळणाघर, सोलर आणि सबसिडीचा घोळ

सोलर बसवलं की पाळणाघराला सबसिडी मिळते आणि ती दर महिन्याच्या बिलातून वळती होते, असं आमच्या सोलापुरात जुळे सोलापूरपासून विडी घरकुलापर्यंत सर्रास ऐकू येतं. एका वाक्यात दोन चुका: सबसिडी प्रत्येक पाळणाघराला मिळत नाही आणि ती बिलातून वळतीही होत नाही.

सबसिडीचे आकडे बऱ्याच जणांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यात. 2024 ची पीएम सूर्यघर योजना: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, 78 हजारांच्या वर काही नाही. एकदाच, थेट बँक खात्यात. बिलात जे कमी होतं ते नेट मीटरमुळे, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमुळे; तो पैसे देत नाही, हिशोब ठेवतो. छपरावरून महावितरणकडे गेलेले युनिट तुमच्या वापरातून वजा होतात, उरले तर पुढच्या महिन्यात धरले जातात. स्थिर आकार तरीही भरावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ लिहिलेले फलक बघून माझं डोकं फिरतं.

इथवर ठीक. माणसं अडकतात ती पुढे. सबसिडी फक्त घरगुती जोडणीला आहे; नेट मीटर व्यावसायिक जोडणीलाही मिळतो. मग घरातलं पाळणाघर कशात मोडतं? ‘आम्ही लेकरं सांभाळतो, धंदा कुठे करतो’ हे उत्तर चालत नाही. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात आकडा दिलेला आहे: राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दर लागतो. दर वर्षअखेरीला तपासणी होते. आता आपला एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. दोन कूलर, दुधाचा फ्रिज, पाण्याची मोटर, दिवसभर पंखे. 300 कधी ओलांडले कळतही नाही. म्हणून सोलरवाल्याला बोलावण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा.

‘घरगुती म्हणून अर्ज टाका, कोण बघतंय?’ असा सल्ला देणारा एजंट दारात उभा करू नका. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि ती तो एजंट भरत नाही.

स्वतंत्र गाळ्यात पाळणाघर असेल तर सबसिडी विसरा, सोलर विसरू नका. तिथला दर घरगुतीच्या खालच्या टप्प्यांपेक्षा चढा, म्हणजे उन्हाचा प्रत्येक युनिट जास्त पैसे वाचवतो. शिवाय मुलं दिवसाच असतात; वीज तयार होते तेव्हाच वापरली जाते. किलोवॅटमागे महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट धरा. सबसिडीपायी अडून बसण्यापेक्षा हा व्यवहार मला केव्हाही पटतो.

जागा भाड्याची असेल तर मीटर बहुधा मालकाच्या नावावर असतो. अर्ज त्याचा, सबसिडी त्याच्या खात्यात. पॅनेलचा खर्च कोणाचा आणि जागा सोडताना पॅनेल कोणाची, हे आधी करारात लिहून घ्या.