सैनिकी कुटुंब निवृत्तिवेतन (खानदेश)

सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर सैनिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबाला संरक्षण खात्याकडून दरमहा मिळणारी रक्कम. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सगळे तिला ‘फॅमिली पेन्शन’च म्हणतात. पहिला हक्क पत्नीचा, तिच्यामागे अपत्यांचा: मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत, किंवा त्याआधी लग्न झाले वा कमाई सुरू झाली तर तोवर; अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीला २५ नंतरही. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ती आजन्म मिळते.

रक्कम मृत्यूच्या कारणावर ठरते. हिशेबात धरले जाणारे शेवटचे वेतन ४०,००० रुपये असेल, तर साधारण पेन्शन ३० टक्के, म्हणजे १२,००० (किमान ९,०००). मृत्यू सेवेमुळे झाल्याचे मान्य झाल्यास विशेष पेन्शन ६० टक्के, २४,०००. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आल्यास उदारीकृत पेन्शन पूर्ण ४०,०००. महागाई भत्ता वेगळा. सेवेतील मृत्यूनंतर साधारण पेन्शनही पहिली १० वर्षे ५० टक्क्यांनी मिळते.

सुट्टीवर आलेला जवान गावात मोटारसायकलवरून पडून वारला, तर प्रकरण बहुधा साधारण पेन्शनवर थांबते. मात्र सरकारी खर्चाने घरी येण्याजाण्याचा प्रवास नियमांत ड्यूटी मानला जातो. म्हणून भुसावळपर्यंतचे रेल्वे वॉरंट (सरकारी खर्चाच्या प्रवासाचा परवाना), रजेचा दाखला आणि पोलीस पंचनामा जपून ठेवावा.

खरी अडचण नावाची. लग्नानंतर नाव बदलते. सैन्याच्या रेकॉर्डला ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, बँकेत माहेरचे आडनाव. जन्मतारखाही जुळत नाहीत. लग्न आणि मुलांच्या जन्माची ‘पार्ट टू ऑर्डर’ (सैन्याच्या दप्तरातली अधिकृत नोंद) जवानाने सेवेत असतानाच करून घेतली आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पत्नीचे नाव, जन्मतारीख तपासली, तर काम सरळ होते. मागाहून दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, प्रसंगी राजपत्रातली नोंद लागते आणि ऐन दुःखात त्या बाईला हेलपाटे पडतात.

पेन्शनर वारल्यावर मृत्यू दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका), आधार, पॅन व पासबुक घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे. अर्ज ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत भरला जातो. मृत्यू कळवायला उशीर झाला, तर खात्यात येत राहिलेली त्याची पेन्शन काढू नये. ती पुढे वसूल होते. नंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पेन्शन थांबते.

विशेष पेन्शन नाकारल्यास लेखी कारण मागून अपील करता येते; तेही फेटाळले गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.